चौथा फर्मा

३ ऑगस्ट

प्रिय आजी,

फोन केला नाही, कारण फोनवर तुला ‘हॅलो’च्या पुढचं ऐकू येत नाही आणि मग तू माझ्यावरच ओरडतेस. म्हणून पत्र.

काम आहे. आमच्या शाळेच्या लायब्ररीत मागच्या भिंतीला एक कपाट आहे. त्यात फक्त साहसाच्या, रहस्याच्या आणि जादूच्या कादंबऱ्या. एकेचाळीस आहेत, मी मोजल्या. सगळ्यांची शिवण उसवलीय, पानं लोंबतात. तीस तारखेला रद्दीवाला येणार आणि सगळी नेणार. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “हातात धरता येत नाही ते पुस्तक मी फळीवर ठेवत नाही.” मी विचारलं, तोपर्यंत आम्ही शिवून आणली तर? त्या म्हणाल्या, “आणा. शाळा सुटल्यावर लायब्ररीतलं लांब टेबल रिकामंच असतं.” मला वाटतं त्या हसत होत्या.

त्यात ‘चार कंदील’चे नऊच्या नऊ भाग आहेत. चार मुलं आणि एक कुत्रा, प्रत्येकाकडे एक कंदील, आणि कंदील एकदम पेटवले की जे खोटं असतं त्याची सावली पडत नाही. आजी, तशी पुस्तकं आता कुठेच मिळत नाहीत. छापणारेच बंद झाले. माझा आवडता पाचवा, ‘बुडालेलं दीपगृह’. त्यात सगळ्यात लहान असलेली छोटी बोगद्यात एकटी शिरते. माझी मैत्रीण गोगलगाय (तिला सगळे असंच म्हणतात, ती डबासुद्धा तासभर खाते) म्हणते, छोटी भित्री आहे, कारण तिचा आवडता आठवा भाग, आणि त्यात छोटी काहीच करत नाही. यावरून आमचं दोनदा बोलणं बंद झालंय. पण शिवायला ती येणार आहे.

तू बाइंडिंगमध्ये एकतीस वर्षं होतीस. तू तर ही सगळी वाचली असशील. कसं शिवायचं ते लिही. लवकर.

तुझी
भिंगरी

६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

पत्र मिळालं. अक्षर कोंबडीचे पाय. माझं परवडलं, आणि मी दुसरीतून शाळा सोडलेली.

एकेचाळीस पुस्तकं आणि हातात चोवीस दिवस. अंगात काही शिरलंय का तुझ्या? आमच्याकडे शिकाऊ बाईला पहिला महिनाभर नुसत्या घड्या घालायला बसवायचे. पण हातात घेतलंयस तर आता मागे फिरू नकोस. मागे फिरणारी माणसं मला आवडत नाहीत, तुझा आजोबा सोडला तर. आणि तोही कधी कधीच.

आता ऐक. पुस्तक म्हणजे एकेक पान नसतं. सोळा पानांचा एक मोठा कागद घडी घालून गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणायचं. असे आठ-दहा फर्मे एकावर एक ठेवून पाठीच्या घडीतून शिवले की पुस्तक. तुमची शिवण गेलीय, फर्मे शाबूत असतील. म्हणजे जीव आहे.

दाभण घे. जाड सुती दोरा घे, मेणबत्तीवरून ओढ, म्हणजे गुंता होणार नाही. मैद्याची खळ शिजव, पातळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा असतो, पण तो विषारी, तू त्याला हात लावू नकोस, बाईंकडून घालून घे. दुकानातला डिंक आणशील तर मी तिथे येऊन तुझे कान उपटीन. तो वर्षाने काचेसारखा तडकतो. दोन फळ्या, वर दगड, रात्रभर दाब.

एक नियम पाठ कर. एका वेळी एकच पुस्तक उसवायचं. ते शिवून दगडाखाली गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

तुमच्या शाळेची पुस्तकं दर सुट्टीत आमच्याच टेबलावर यायची. मी गाव सोडेपर्यंत. आता इथे माझ्या बहिणीकडे मी सुखात आहे. ती दिवसभर बोलते आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

वाचली का म्हणून विचारलंस. आम्हाला शिवायचा पगार होता, वाचायचा नाही.

आजी

१० ऑगस्ट

प्रिय आजी,

रागावू नकोस. आधी वचन दे, मग पुढे वाच.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी आम्ही ‘चार कंदील’चे नऊही भाग एकदम उसवले. वाटलं, आधी सगळी उसवू, मग सगळी शिवू, वेळ वाचेल. नऊ ढीग नीट लावले होते. मग गोगलगायीने खिडकी उघडली आणि वर पंखा चालू होता. तुला पुढचं कळलंच असेल.

पान क्रमांक आहेत, पण त्याचा काय उपयोग! एकोणपन्नास ते चौसष्ट पानांचे नऊ फर्मे आहेत. प्रत्येक पानावर वर फक्त ‘चार कंदील’ छापलंय, भागाचं नाव नाही. कागद तोच, अक्षर तेच. नऊही भागांत तीच चार मुलं, तोच कुत्रा, तीच कटकटी मावशी. प्रत्येकात गुहा आहे, कुलूप आहे आणि नकाशा अर्धा फाटलेला आहे. पहिला फर्मा ओळखू येतो, त्यात पुस्तकाचं नाव आहे. पुढचं वाचून जुळवावं म्हटलं, तर दोन दिवसांत एकच भाग जुळला, आणि त्यावरूनही आम्ही भांडलो.

ग्रंथपाल बाईंनी जमिनीवरचा पसारा बघितला आणि निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वाचवता येईल का गं?

भिंगरी

ता. क. काही फर्म्यांत जुना दोरा अडकलेला आहे. तो ठेवू की काढू? गाठ आत, मधल्या घडीच्या पोटात मारलीय.

१३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

वचन कसलं देतेस-घेतेस! पत्र वाचून एवढी ओरडले की माझ्या बहिणीने शेजारणीला बोलावलं.

झालं ते झालं. रडत बसायला वेळ नाही, सतरा दिवस राहिलेत.

वाचून जुळवायचा नाद सोड. ही पुस्तकं छापखान्यातून आली तशी नाहीत, मागे एकदा शाळेने नव्याने शिवून घेतलीत. म्हणजे भोकं हाताने पाडलेली. एका पुस्तकाचे सगळे फर्मे एकत्र धरून दाभणाने टोचायचे असतात, आणि हात काही यंत्र नव्हे. या पुस्तकाला भोक जरा वर, त्या पुस्तकाला जरा खाली. नऊ पुस्तकं, नऊ तऱ्हा. तर असं कर. पहिला फर्मा मधोमध उघडून घोड्यावरच्या खोगिरासारखा पालथा ठेव. त्याच्यावर दुसरा तसाच. वरची कड जुळव. आता घडीच्या भोकांतून दाभण घाल. परका असेल तर अडेल. सख्खा असेल तर चारही भोकांतून लोण्यातून गेल्यासारखं जाईल. नऊ पहिले फर्मे मांडून बस आणि एकेकाला सोयरीक बघितल्यासारखं बघत जा.

गोष्टीचं काय, ती कुठेही जाते. भोक खोटं बोलत नाही.

दोरा काढून टाक.

आजी

१८ ऑगस्ट

प्रिय आजी,

तू जादूगार आहेस. कंदीलसुद्धा नको तुला. एका दिवसात नऊही भाग जुळले! गोगलगाय दाभण घालते, तिचा हात हलत नाही. हळू असण्याचा हा फायदा मला माहीत नव्हता. सात भाग शिवून दगडाखालून निघाले. बाकीच्या कपाटातली चार झाली. एकूण अकरा. बाईंनी एक उघडून, उलटं धरून, झटकून बघितलं. एक पान पडलं नाही. मग खळ ढवळायला स्वतःचा मोठा चमचा दिला.

पण पाचवा आणि आठवा मी शिवले नाहीत. त्यात भानगड आहे.

भोकाप्रमाणे बोगद्याचा फर्मा पाचव्यात बसतो. मी तो पाचव्यातच वाचलाय, चार वेळा. पण काल गोगलगाय आठव्याचं अठ्ठेचाळिसावं पान वाचत होती. शेवटची ओळ: ‘छोटीने तळ्याखालचं दार ढकललं. आत’. आणि बोगद्याच्या फर्म्याची पहिली ओळ: ‘काळोख होता, आणि बोगदा एका वेळी एकालाच घेईल इतका अरुंद.’ आजी, आम्ही दोघी एकदमच ओरडलो. तो आठव्यातला आहे! आणि आठव्यात जो चौथा फर्मा आहे, ज्यात छोटी दिव्याची काच पुसत बसते, तो पाचव्यातला, कारण दीपगृह पाचव्यात आहे. मला नेहमी वाटायचं, दीपगृहाखाली बोगदा कसा? पण मला वाटलं, असेल, जादू आहे.

म्हणजे आधी ज्याने शिवलं, त्याने चौथे फर्मे उलटसुलट घातले. भोक एक म्हणतं, गोष्ट दुसरंच म्हणते. आता काय करू? मला वाटतं, आहे तसंच शिवावं. पाचव्यातून बोगदा गेला तर त्यात उरलं काय? काच पुसणं?

ज्याने हे केलं तो कोण असेल?

भिंगरी

२० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अकरा झाली, ठीक. मान वर करायचं कारण नाही, तीस राहिलीत.

ती दोन बाजूला ठेव. घाई करू नकोस.

कोणी केलं म्हणतेस, तर शिवणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी आणि डावरी. डावरी म्हणजे डाव्या हाताने शिवायची ती, तुमच्या शाळेच्या पलीकडच्या गल्लीत राहते. तिचंच असणार. तोंड फार चालायचं तिचं, आणि तोंड चाललं की डोळे कामावर राहत नाहीत. एकतीस वर्षांत माझं एकही पुस्तक परत आलं नाही, हे मालकाला विचार. तो वारला, पण ही गोष्ट खरी आहे.

बाकी सुपारीएवढ्या गोष्टीचा डोंगर करू नकोस. दोरा मेणवतेस ना नीट?

आजी

२३ ऑगस्ट

आजी,

सतरा झाली. चोवीस राहिलीत आणि सात दिवस. माझ्या बोटांना चिकटपट्ट्या आहेत. गोगलगायीचा अंगठा सुजलाय. होणार नाहीत, आजी. मी गणित तीन वेळा केलं.

काल मी बाईंकडे जाऊन आणखी दिवस मागितले. म्हटलं, दोन पुस्तकांत तर बाइंडिंगवाल्यांचीच चूक आहे, डावरी म्हणून कोणी होती, तिने फर्मे उलटसुलट शिवले. वाटलं, त्यांना दया येईल. उलटंच झालं. त्या म्हणाल्या, “म्हणजे ही धड शिवलेलीही नव्हती? मग आणखी किती चुकलेली असतील? चुकीची पानं असलेली पुस्तकं मी मुलांच्या हातात कशी देऊ? जी झाली ती तपासून ठेवते. बाकीची तीसला जातील.” मी बोललेच नसते तर बरं झालं असतं.

घरी येताना पलीकडच्या गल्लीत डावरी आजी दारात बसल्या होत्या. मला कळलं, कारण त्या डाव्या हाताने सुई ओवत होत्या. मी तोंड फिरवलं. त्यांनी विचारलं, “काय गं, कोणाची तू?” तरी मी तशीच पुढे गेले.

गोगलगायीने सांगितलंय, आठव्यात बोगदा असता तर ती छोटीला भित्री म्हणाली नसती. तिने दोन वर्षं माझ्याशी भांडून काढली आणि चूक तिची नव्हती. तरी मला माझा पाचवा तसाच हवाय. हे वाईट आहे का?

भिंगरी

२५ ऑगस्ट

ग्रंथपाल बाईंना नमस्कार.

तुमच्या लायब्ररीत जी पोर टेबल अडवून बसली आहे, तिची मी आजी. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्या. बहिणीला लिहायला सांगितलं असतं, पण हे मला कोणाकडून लिहून घ्यायचं नाही.

‘चार कंदील’ भाग पाच आणि आठ. त्यांत चौथे फर्मे अदलाबदल झालेत. ते काम डावरीचं नाही. माझं आहे. डावरी गाठ शेवटाला, पुठ्ठ्याजवळ मारायची. मी घडीच्या पोटात मारायचे. पोरीने पत्रात लिहिलं होतं की गाठ पोटात आहे. ते वाचलं तेव्हाच शिवण माझी हे मला कळलं होतं. तरी मी चूक डावरीच्या नावावर ढकलली, आणि पोरीने ते खरं मानून तुमच्यापर्यंत आणलं.

कसं झालं तेही सांगते. त्या सुट्टीत मालकाने घाई लावली होती. मी नऊच्या नऊ एकदम उसवले. पान क्रमांक बघून लावत गेले. एकोणपन्नास दिसला की घातला. आत काय लिहिलंय ते बघितलं नाही, कारण बघून मला लगेच उमगलं नसतं. एका ओळीला मला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात डावरीचा अर्धा फर्मा शिवून व्हायचा. ती वाचायची, मी वाचत नव्हते. हे माझ्या घरात कोणाला माहीत नाही. घरात हजार पुस्तकांच्या गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या डावरीच्या तोंडून ऐकलेल्या.

आता कामाचं बोलते. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. टेबलावरून चुकीचं गेलेलं पुस्तक सापडलं, की ज्या हाताने चुकवलं त्याच हाताने ते फुकट नीट करून द्यायचं. मग त्याला कितीही वर्षं होवोत. आणि ते नीट होईपर्यंत गिऱ्हाइकाने पुस्तक टाकायचं नाही. टाकलं तर कारागिराचा अपमान असतो. त्या कपाटातली सगळी माझ्या नाही तर डावरीच्या हातून गेलीत. दोन चुकलेली निघाली, म्हणजे बाकीची तपासून घ्यायचा माझा हक्क झाला. तो मी मागते आहे. दया मागत नाही.

तुम्ही रद्दीवाल्याला परत पाठवा. मी येते. डोळे बरे आहेत, बोटं अर्धी बरी आहेत, तोंड तर चालतंच.

तुमची,
पोरीची आजी

२७ ऑगस्ट

आजीबाईंस सादर नमस्कार.

आपलं पत्र मी दोनदा वाचलं. वीस वर्षांच्या नोकरीत लायब्ररीला चूक कबूल करणारं हे पहिलंच पत्र आलं. पुस्तक हरवणारेसुद्धा कबूल करत नाहीत.

आपला रिवाज आमच्या नियमांत कुठे बसत नाही. मी शोधून पाहिलं. पण तो मोडावा असंही कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा रद्दीवाल्याला मी १३ सप्टेंबरची तारीख दिली आहे. त्या दिवशी प्रत्येक पुस्तक मी स्वतः उलटं धरून झटकणार आणि प्रत्येक फर्म्याचा सांधा वाचून बघणार. जे टिकेल ते फळीवर, जे टिकणार नाही ते पोत्यात. पोरीची आजी म्हणून सवलत मिळणार नाही.

तीस तारखेला सकाळी लायब्ररी उघडेल तेव्हा आपण टेबलाशी असाव्यात. नसाल तर जुनी तारीख कायम.

ग्रंथपाल

२८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

हे पत्र माझ्या आधी पोचलं तर बरं. नाही तर दोघी दारात उभ्या राहून वाचू, आणि त्यातही तूच वाचशील.

मी उद्या रात्रीच्या गाडीने निघते, परवा सकाळी उतरते. बहीण म्हणाली, या वयात कशाला धडपड. मी म्हटलं, धडपडीला वय लागत नाही, गुडघे लागतात, आणि ते माझे मी बघेन.

बाईंना मी काय लिहिलं ते त्या तुला सांगतील. नाही सांगितलं तर मी सांगीन. डावरीचं काम नव्हतं ते. माझं होतं. तुला खोटं सांगितलं. तू तिच्यासमोर तोंड फिरवलंस, त्याचं पाप माझ्या डोक्यावर, तुझ्या नाही. पण जाऊन पाया तुलाच पडायचं आहे, कारण तोंड तुझं फिरलं होतं.

बाईंना लिहिलं त्याच दिवशी मी डावरीलाही पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं, एका ओळीचं. ‘येते. एकतीस वर्षं वाट बघितली तुझं एखादं पुस्तक परत यायची.’ शिव्या देईल, देऊ दे. तिचा टाका माझ्याहून सरळ पडतो. हे मी लिहिलंय, बोलणार नाही.

आता तुझा पाचवा. तसाच हवा म्हणतेस. वाईट नाही, पण चूक आहे. तुला सोळा पानं फुकट मिळाली, ती कोणाच्या तरी पुस्तकातून गेली म्हणून मिळाली. माझ्या घाईने त्या पोरीची छोटी दोन वर्षं भित्री राहिली. ज्याचा फर्मा त्याला. काच पुसण्यात काय आहे म्हणून विचारलंस. मला माहीत नाही, मी वाचलेलं नाही. तू तरी कुठे तिथे लावून वाचलंस? ज्या पुस्तकातलं ते आहे, त्यात घालून बघ. दीपगृह बुडालेलं आणि ती एकटी काच पुसत बसते, तर दिवा लावायलाच बसली असेल. मी बाइंडिंगवाली, मलाही एवढं कळतं.

आठवा तू शिवायचा. माझ्या हाताने नाही, रिवाज राहू दे बाजूला. मी शेजारी बसून बघते. शिवून झाला की आधी गोगलगायीला दे, आणि तिचं वाचून होईपर्यंत तोंडाला कुलूप. ती सगळंच हळू करते म्हणालीस, तर वाचायलाही वेळ लागेल. वाचू दे. हळू वाचणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

टेबल खिडकीपासून लांब ओढ. पंखा बंद. खळ ताजी शिजव, कालची आंबते. डावरीसाठी डाव्या बाजूला मोकळी जागा ठेव, नाही तर तिचं कोपर माझ्या बरगडीत येतं. बावीस राहिलेली आणि ही दोन, चोवीस पुस्तकं, चौदा दिवस, चौघी जणी. मी गणित एकदाच केलं. जमतं.

आजी